जावयानेच काढायची मेढ

"अवो, हात काढा! हात काढा म्हणते न!"

बयना आत्याचा आवाज ऐकून मी स्वयंपाकघरातून धावत अंगणात आले, तर एक अनोळखी तरुण आमच्या मांडवाच्या मेढीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा. मिठी म्हणजे काय, तो ती मेढ गदागदा हलवून उपटायच्या बेतात होता. वरचे आंब्याचे डहाळे खाली गळत होते, पिवळ्या फडक्यातली सुपारी-हळकुंडं लोंबत होती, आणि आत्या हातात सूप घेऊन त्याच्या अंगावर धावून गेली होती.

"काऊन? बेकारच तं पडली हाय न ही?" तो गोंधळून म्हणाला. "शामियानावाल्या मारोतीनं सांगतलं, ह्या घरचं लगन मोडलं, सारं सामान द्यायचं हाय. मी म्हटलं, जरा हात लावू लागावं..."

"जावई हाव का तुमी ह्या घरचे?"

तापलेल्या तव्याला हात लागावा तशी त्याने मेढ सोडली. कानाच्या पाळ्या लालबुंद. धोतर-टोपीची माणसं बघायची सवय आमच्या अंगणाला. हा पांढरा बुशशर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर घामाने चिकटलेले केस... आत्याकडून काही सुटका नाही असं दिसल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मंग जावयाले बोलवा न," तो हळूच म्हणाला.

"बोलावलं होतं," मी म्हटलं. "तो आलाच नाई."

माझ्याच बोलण्याचं मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो मात्र हसला नाही. मोडलेलं लग्न कोणाचं होतं ते त्याला तेव्हा कळलं, आणि तो नुसता बघत राहिला.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना होता तो. आंध्राच्या हद्दीतल्या मुधोळला आमचं घर. बाबा, म्हणजे चंपतराव, तहसील कचेरीत जन्मभर वसुलीचे कागद लिहून नुकतेच निवृत्त झालेले. हातात आलेली सगळी रक्कम माझ्या लग्नात उतरली होती. आणि तिथी तोंडावर आलेली असताना नांदेडहून नवऱ्या मुलाचे काका आले, ओसरीच्या काठावर टेकले, पाण्याला हात लावला नाही. म्हणाले, मुलाने ऑफिसातल्या एका मुलीशी रजिस्टर लग्न केलं, आम्हालाही काल कळलं. हात जोडून आले तसे गेले.

खरं सांगू? त्या मुलासाठी मला रडू आलं नाही. त्याला मी एकदाच पाहिलं होतं, तेही चिवड्याच्या बशीआडून. रडू आलं ते बाबांसाठी. नोकरीत त्यांनी साऱ्या जगाचे दोनच भाग केले होते, वसूल आणि बाकी. आता ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि मधूनच म्हणायचे, "सारी बाकीच झाली गं बयना." कोणी भेटायला आलं की झोपेचं सोंग घ्यायचे. आई त्यांच्या उशाशी ताट ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

शामियाना, निर्मल गावचा आचारी, तिथलाच बँड, निर्मलच्या कारागिराकडे सांगितलेले दोन रंगीत पाट. सगळ्यांनी बयाणा घेतलेला, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: तुमच्यासाठी त्या दिवशीची बाकी कामं सोडली, आता परत कसं द्यायचं? त्यांचंही खोटं नव्हतं. एकच वाट उरली होती. त्याच तिथीला ज्याच्या घरी लग्न आहे पण तयारी काहीच नाही, असा कोणी मिळाला आणि त्याने सगळं जसंच्या तसं उचललं, तर बाबांचे पैसे निघणार होते. मारोतीने असा माणूस शोधून पाठवला होता. उद्धव त्याचं नाव. गोदावरीकाठच्या गावातला, बी. ए. करून बापाची शेती बघणारा.

मेढ तेवढी देता येत नव्हती. आमच्यात मेढ घरच्या जावयानं रोवायची आणि जावयानंच काढायची. रोवली होती आत्याच्या यजमानांनी, देवाजी मामांनी. पण लग्न न लागताच मेढ काढली तर घराला दोष लागतो, म्हणून मामांनी लांबूनच हात जोडले. माझं नाव घेऊन म्हणाले, जयवंताचा नवरा येईल तवा तो काढीन, तोवर राहू द्या. तेव्हा ती दारात उभी होती. येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

उद्धव ओसरीवर बसला. आईने पाणी दिलं. बाबा आत झोपेचं सोंग घेऊन पडलेले, म्हणून बोलणी मलाच करावी लागली. लाजायची वेळ केव्हाच निघून गेली होती.

"तुमच्याकडं काय काय हाय?" त्याने विचारलं.

"नवरदेव सोडून सारं हाय."

त्याने पेल्यात बघितलं. मग पेला खाली ठेवला.

"आमच्याकडं नवरदेव हाय," तो म्हणाला. "बाकी काईच नाई."

आत्याच्या हातातलं सूप पाखडता पाखडता थांबलं. मला हसू फुटलं, आणि मग ध्यानात आलं. म्हणजे लग्न त्याचंच होतं.

मुलगी त्याच्या मामाची, वच्छला. लहानपणापासून ठरल्यासारखंच. हिवाळ्यात मामा गेले. वर्षाच्या आत लग्न उरकलं नाही तर तीन वर्षं थांबायचं, आणि पेरणीच्या आधी दोघांना जुळणारी तिथी एवढी एकच.

"कशी हाय वच्छला?" मी विचारलं. कशाला विचारलं, कोण जाणे.

"चांगली हाय. लहानपणी मी तिले खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचो. आता बी मले तशीच दिसते." एवढं बोलून तो चपापला. "म्हणजे... चांगली हाय."

आतून बाबांचा आवाज आला. झोपेचं सोंग संपलं होतं. "जयवंता, तूच जा त्यायच्यासंग निर्मलले. मी कोणत्या तोंडानं जाऊ त्या आचाऱ्यासमोर? आत्याले घे संग."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या लाल बसने आम्ही तिघं निघालो. भैंसा येईपर्यंत आत्या खिडकीला डोकं टेकून घोरायलाही लागली. बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं, मध्येच एखादा पळस, आणि खिडकीतून येणारी भट्टीची धग. तो पलीकडच्या सीटवर. बस वळली की आमच्या दोघांच्या नजरा एकमेकांवर यायच्या आणि दोघंही घाईघाईने आत्याकडे बघायचो.

"तेलुगू येते का तुमाले?" मी विचारलं. मी तेलुगू शाळेत शिकलेली; आचाऱ्याशी, बँडवाल्याशी बोलायचं म्हणजे तेलुगूच.

"येते न. सरे."

"अजून?"

"सरे, सरे."

"बस? एवढंच?"

"एवढ्यात सारं भागते. सरे म्हणजे बरं. कोणी काई म्हटलं का, सरे म्हणायचं. माणूस खुश."

ते कसं भागतं ते आचाऱ्याकडे कळलं. आचारी एकेक पदार्थ बोलत गेला, आणि हा मान डोलावत "सरे, सरे." मी आतल्या बाईशी दोन शब्द बोलून येते तो आचारी चुलाण्यांचा हिशेब धरायला लागलेला.

"तुमी आता काय कबूल केलं, म्हायीत हाय?" मी म्हटलं. "सातशे माणसाचा चिंचेचा भात."

"सातशे?" त्याचे डोळे विस्फारले. "आमच्या गावात कुत्री-मांजरं धरून सातशे नाई होत."

मी हसले. तो हसला. आचारीही काही न कळता हसला. दोनशे माणसांवर सौदा आणून मी बाहेर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं— मी माझंच लग्न विकत हिंडते आहे, आणि मला मजा येते आहे. माझीच मला लाज वाटली. तरी मजा जाईना.

बँडवाल्याकडे वरातीच्या घोडीचं निघालं.

"बसता येते का घोडीवर?" मी विचारलं.

"पडलो तं तुमी हसान."

"मी कुठं असन तवा?"

बोलून गेले मी, सहजच. बँडवाला क्लॅरिनेट पुसत होता, तेच आम्ही दोघं बघत राहिलो.

शेवटी कारागिराच्या घरी. म्हातारा ओटीवर बसून रंग कालवत होता, आणि आमचे पाट भिंतीशी टेकलेले. लाल जमीन, कडेने सोनेरी मोर, मधोमध नाव. एकावर जयवंता. दुसऱ्यावर त्या नांदेडच्या मुलाचं. इतके सुंदर पाट मी कधी पाहिले नव्हते... आणि ते माझ्यासाठी होते. नावं बदलून ते उद्धवने घ्यायचे, असं ठरलं होतं. आत्याला बाजूच्या घरातली लाकडी फळं बघायची होती. ती तिकडे गेली.

कारागिराने आधी मुलाचा पाट घेतला. नाव खरवडलं, त्यावर लाल रंग मारला, तो सुकू दिला, आणि बारीक कुंचल्याने सोनेरी अक्षरांत लिहिलं— उद्धव. मग वाळायला म्हणून दोन्ही पाट ओटीवर शेजारी शेजारी ठेवले आणि तो रंगाची वाटी घेऊन आत गेला.

एवढ्यात कुठूनसं आभाळ भरून आलं आणि अवकाळी सरी पडायला लागल्या. भर उन्हाळ्यात. तापलेल्या कौलांवर थेंब चरचरत होते. शिंतोडे येऊ नयेत म्हणून आम्ही दोघांनी मिळून पाट आत सरकवले, आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिलो.

जयवंता. उद्धव.

"चांगलं दिसते," तो म्हणाला.

"रंग?"

"नावं."

मी काहीतरी टोमणा मारायला हवा होता. माझी जीभ कधी अडत नाही, आई म्हणते ह्या जिभेनेच एक दिवस घात होईल. पण त्या वेळी मी नुसती ती दोन नावं वाचत राहिले. माझ्या बांगडीला त्याच्या शर्टाची बाही लागत होती. मी हात बाजूला घेतला नाही.

म्हातारा बाहेर आला. माझा पाट मांडीवर घेतला आणि माझ्याकडे बघून तेलुगूत विचारलं.

"काय म्हणते?" उद्धवने विचारलं.

"नवरीचं नाव काय लिहू, म्हणते."

त्याने पाटावरच्या माझ्या नावाकडे पाहिलं.

"तुमीच सांगा," तो शेवटी म्हणाला. "तुमी सांगान ते."

"असं काय बोलता?"

"खरं बोलून राह्यलो. काल त्या मेढीपाशी तुमी हसल्या... तवापासून मले दुसरं काई दिसून नाई राह्यलं." त्याने म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या पाटाकडे बोट केलं. "तुमी म्हटलं तं हाय तेच नाव राहू देऊ. मांडव तुमच्याच दारात. आचारी तोच, बँड तोच. तुमच्या बाबाचा एक पैसा जात नाई. अन् मेढ... मेढ मी काढतो, जयवंता."

पहिल्यांदा नुसतं जयवंता म्हणाला तो.

मला तो हवा होता. इतकं साधं होतं ते. दुमडलेल्या बाह्या, लाल कान, सगळ्याला सरे म्हणणारा तो माणूस मला माझ्या घरात, माझ्या समोर, रोज हवा होता. आणि सगळं किती नीट बसत होतं! बाबा उठून बसले असते. आत्याने नाचायचं तेवढं बाकी ठेवलं असतं. कोणाचंच काही बुडत नव्हतं...

"वच्छलाच्या दारात मेढ रोवली?" मी विचारलं.

त्याने हात खाली घेतला.

"रोवली," तो म्हणाला. "तिच्या आईनं घाई केली."

"ती मंग कोण काढीन?"

त्याने तोंड फिरवलं. मला ते अंगण डोळ्यांसमोर दिसायला लागलं. न पाहिलेलं, पण मला पाठ असलेलं. येणारा-जाणारा आधी मेढीकडे बघणार आणि मग तिच्याकडे. तिच्या घरात तर भिंतीकडे तोंड करून पडायलाही बाप नाही. माझं नुकसान भरून निघायचं तर ते तिच्या दारात नेऊन टाकावं लागत होतं. हे दुःख दुसऱ्या कोणाला द्यावं इतकी मी अजून बिघडले नव्हते. बिघडले असते तर बरं झालं असतं, असं मात्र त्या क्षणी वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

म्हातारा वाट बघत होता.

"वच्छला अनि रायंडि," मी त्याला सांगितलं. वच्छला असं लिहा.

तेलुगू न येणाऱ्या उद्धवला ते वाक्य पुरतं कळलं. म्हाताऱ्याने खरवडणी घेतली आणि माझं नाव काढायला लागला. शेवटच्या अक्षरापासून काढत आला. सोनेरी कपचे त्याच्या धोतरावर पडत होते. बघू नये असं मनाशी ठरवूनही मी शेवटपर्यंत बघितलं.

"लगन झाल्यावर बाबाचे पैसे आणून द्या," मी म्हटलं. आवाज चांगला निघाला, त्याचं मलाच नवल वाटलं.

त्याने मान खाली घातली.

"सरे," तो म्हणाला.

येताना बसमध्ये आत्या जागी होती. तिने लाकडाचं सीताफळ घेतलं होतं, अगदी खऱ्यासारखं. ते ती पुन्हा पुन्हा आमच्या नाकाशी धरून विचारत होती, वास येते का पाहा बरं. आम्ही दोघंही आळीपाळीने नाही म्हणत होतो.

त्या तिथीच्या दिवशी दुपारी बँडवाल्यांचा टेम्पो आमच्या रस्त्याने गेला. मीच सांगितलेल्या गाण्याची तालीम ते जाता जाता करत होते. मी विहिरीवर गेले, रहाट सोडला, आणि आवाज दूर जाईपर्यंत पाणी काढत राहिले. घरातली सगळी भांडी भरली. मग चुलीपाशी बसून, धूर झाल्याचं निमित्त करून, पोटभर रडले. आईने एकदा दारातून पाहिलं आणि फुंकणी माझ्या जवळ ठेवून ती निघून गेली. तिला वाटलं, मी नांदेडच्या मुलासाठी रडते आहे.

लग्न लागल्यावर बासरच्या देवीला जाताना ते दोघं आमच्याकडे थांबले. जीप दारात उभी राहिली. बाबा त्या दिवशी दाढी करून, स्वच्छ धोतर नेसून ओसरीवर बसले होते. उद्धवने पाकीट त्यांच्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही त्याच्या हातातल्या हळदीच्या कंकणाकडेच बघत होते.

वच्छला बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची. कोपरापर्यंत मेंदी. मी तिची ओटी भरली, तर तिने माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमच्यामुळं झालं वो सारं. माय म्हणते, बाप असता तरी इतकं चांगलं नसतं झालं. अन् पाट तं काय सुंदर हायेत! मोर पाहूनच मन भरून आलं."

"हो," मी म्हटलं. "मी पाहिले होते."

मला तिचा राग यावा म्हणून मी किती वाट बघितली होती. आला नाही. तोही आधार गेला.

निघताना ती अंगणात थबकली. मेढीवरचे डहाळे करपून गेले होते, फडकं उन्हाने पांढरं पडलं होतं. वच्छलाचा चेहरा कसानुसा झाला. ती उद्धवकडे वळली.

"अवो, तुमी काढून द्या न ही. बिचाऱ्यायच्या दारात काऊन राहू द्यायची?"

तो मेढीपासून दोन हातांवर उभा होता. त्याचा हात थोडा पुढे आला... मी पाहिलं. मग त्याने तो मागे घेऊन पाठीशी धरला.

"मले हात नाई लावता येत," तो म्हणाला. "ती ह्या घरच्या जावयानंच काढायची असते."

"हो का? मले म्हायीत नव्हतं," वच्छला म्हणाली, आणि माझ्याकडे बघून गोड हसली. "येईन हो ताई, तुमचा बी नवरदेव येईन. लवकर येईन."

जीप सुरू झाली. तो पुढे बसला. वळणापर्यंत ती हात हलवत होती. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि तो का पाहत नाही ते साऱ्या मुधोळात मला एकटीला माहीत होतं.

धूळ खाली बसली तरी मी मेढीपाशीच उभी होते. पहिल्या दिवशी त्याने जिथे दोन्ही हात लावले होते, तिथे मी तळवा ठेवला. ती जागा उन्हाने तापली होती.

मागे ओसरीवर बाबा चष्मा लावून पाकिटातल्या नोटा लावत होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा आला.

"सारं वसूल झालं बरं का बयना," ते आत्याला सांगत होते. "बाकी म्हणशील तं एक ती मेढच."